सोमवारचं टेबल, शनिवारचं टेबल

"घर बघू नकोस," नाशिक रोडच्या फलाटावर अक्काने मला पुन्हा एकदा बजावलं. "घर कुणीही झाडूनपुसून दाखवतं. तो माणूस संध्याकाळी कुठे बसतो आणि काय पितो, ते बघून ये."

कलकत्त्याला जाणारे लोक कालीचं दर्शन घेतात, हावड्याचा पूल बघतात, गंगेच्या काठचं ते अवाढव्य वडाचं झाड बघून येतात. मी गेलो तो भाचीच्या होणाऱ्या सासऱ्याचा ग्लास बघायला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एवढ्या लांब जाऊन आलेल्या माणसाच्या वर्णनात देवळं इतकी कमी आणि चहाची दुकानं इतकी जास्त कशी, असं मग कुणी विचारणार नाही.

झालं होतं असं. माझी भाची उषा आणि सुधीर लिमये यांचं जमलं होतं. सुधीर नाशकातल्याच एका कारखान्यात इंजिनीअर. मुलगा सालस, बोलायला गोड. लिमये मंडळी तीन पिढ्या कलकत्त्यात, त्यामुळे त्याचं मराठी मधूनच अडखळायचं आणि तेही उषाला आवडायचं. अक्काचीही ना नव्हती. पण कलकत्त्याहून बदली होऊन परत आलेले आमच्या ओळखीचे एक बँकेतले अधिकारी सहज बोलून गेले, "लिमये ना? प्रोफेसर? हो हो, धर्मतल्ल्याच्या बारमध्ये दिसायचे की!" त्या दिवसापासून अक्काने लग्नाचा विषय घरात काढू दिला नाही.

तिला नावं ठेवायची माझी छाती नाही. तिचं लग्न ठरवताना आमच्या वडिलांनी तिच्या सासरी मुक्काम ठोकून घर बघितलं होतं. तांब्यापितळेची भांडी, गोठा, देवघर, सगळं पसंत पडलं. माझे मेहुणे कोर्टात नोकरीला, चारचौघांत मान असलेले. ते चोरून पितात हे अक्काला लग्नानंतर कळलं आणि बाकीच्यांना ते गेल्यावर. मधली सगळी वर्षं ती संध्याकाळ झाली की दाराकडे कान लावून बसायची. पाऊल कसं पडतं त्यावरून पुढची रात्र कशी जाणार ते ओळखायची. "मुलगा आज चांगला आहे," ती मला म्हणाली, "पण तो कुणाला बघत मोठा झाला?" उषाने मला बाजूला घेतलं. "मामा, आई तुमच्यावरच विश्वास ठेवील. तुम्हीच जा." मी शाळेत चित्रकला शिकवतो. नाताळच्या सुट्टीचं तिकीट काढलं.

सोमवार

दक्षिण कलकत्त्यात मराठी माणसांची उतरायची सोय आहे, तिथे उतरलो. थंडी म्हणाल तर आमच्याकडच्या दिवाळीतल्या पहाटेएवढी. पण सगळं शहर माकडटोपी घालून फिरत होतं. वामनराव लिमयेही माकडटोपी घालूनच मला न्यायला आले. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. कॉलेजात फिजिक्स शिकवून नुकतेच निवृत्त झालेले.

"घरी शनिवारी जेवायला यायचंच आहे, मास्तर," ते म्हणाले. "आज सोमवार. आज हातीबागान."

ट्राममधून उत्तरेकडे निघालो. वाटेत भिंतींवर राजकीय घोषणाच घोषणा रंगवलेल्या होत्या. कुठल्या पक्षाच्या ते मला कळलं नाही, पण चित्रकलेचा मास्तर म्हणून सांगतो, अक्षर फार सुंदर होतं. आमच्याकडे निवडणुकीला भिंती रंगवणाऱ्यांना इथे महिनाभर शिकायला पाठवलं पाहिजे.

हातीबागानला ज्या दुकानात आम्ही शिरलो त्याला तिकडे 'केबिन' म्हणतात. एका बाजूला हिरव्या लाकडी फळ्यांचे कप्पे केलेले आणि प्रत्येक कप्प्याला मळका पडदा. ते बायकामाणसांसाठी आणि नव्यानेच जमलेल्या जोडप्यांसाठी. उघड्यावरची टेबलं बाकीच्यांना. कोपऱ्यातल्या टेबलावर तीन म्हातारे बंगाली गृहस्थ आधीच बसले होते. ते वामनरावांचं सोमवारचं टेबल.

आमच्या नाशकात हॉटेलात पाटी असते, चहा झाल्यावर टेबल अडवू नये. इथे मी कप रिकामा झाल्यावर सवयीने उठलो, तर तिघेही घाबरले. "बोशून, बोशून! ताडा की?" म्हणजे बसा, घाई कसली. एकाला वाटलं, मला कुणाचं बोलणं लागलं. एका चहावर फुटबॉल झाला, हिल्सा माशाची चव कोणत्या नदीची चांगली हे झालं, एकाच्या जावयाची निंदा झाली, आणि वेटर अधूनमधून येऊन त्या निंदेत भर घालून जात होता.

मी शाकाहारी म्हणून माझ्यासाठी 'व्हेजिटेबल चॉप' मागवला. कुरकुरीत, गरमागरम. तोडला तर आत लालभडक. मी बशी दूर लोटली आणि उभाच राहिलो. एवढे उच्चशिक्षित व्याही आणि पहिल्याच दिवशी मला बाटवायला निघाले! वामनराव शांतपणे म्हणाले, "बीट आहे, मास्तर. बीट आणि शेंगदाणे." बसलो. दोन खाल्ले. वामनराव स्वतः मात्र तळलेला मासा मोहरीच्या झणझणीत चटणीत बुडवून खात होते. लिमये आणि मासे! पण अक्काने पिण्याचं विचारलं होतं, खाण्याचं नाही, म्हणून ते मी तिथल्या तिथे सोडून दिलं.

पिण्याच्या बाबतीत ते फक्त चहा प्याले. मी नीट लक्ष ठेवलं.

परतताना मी विचारलं, रोज इथेच बसता का? "छे, रोज कसं?" ते म्हणाले. "तुमच्याकडे उपासाचे वार असतात ना, तसे इथे टेबलांचे असतात. इथल्या माणसाचे दोन पत्ते. झोपतो कुठे तो एक आणि संध्याकाळी बसतो कुठे तो दुसरा. पहिला टपालवाल्याला ठाऊक असला तरी पुरतो. दुसरा बायकोला ठाऊक हवा."

मंगळवार, बुधवार

मंगळवारचं टेबल सियालदह स्टेशनाजवळ निघालं. स्टेशनातून माणसांचा लोंढा वाहत होता, हमालांच्या डोक्यावर फुलकोबीचे डोंगर चालले होते, आणि त्या सगळ्या गदारोळाला लागून एका खोलीत पाच-सहा माणसं मातीच्या कुल्हडातून चहा पीत निवांत बसलेली. त्यातले एक ताग गिरणीतले बाबू, बजबज नावाच्या गावी राहणारे. त्यांची गाडी रोज चुकते. इथे बसून ती चुकवता यावी म्हणूनच ते कचेरीतून लवकर निघतात, असं वामनरावांनी मला मराठीत सांगितलं. बाबूंना मराठी येत नव्हतं, तरी आपल्याबद्दल काय चाललंय ते ओळखून त्यांनी मान डोलावली. एक गाडी माझ्या देखत चुकली. "आता पुढची," असं म्हणून त्यांनी समाधानाने पाय वर घेतले.

बुधवारी कॉलेज स्ट्रीट. पुस्तकांच्या टपऱ्यांमधून वाट काढत एका जुनाट इमारतीचा जिना चढलो, तर वर भलं मोठं सभागृह. पंखे, फेटेवाले वेटर, आणि असा कोलाहल की शेजारच्याशी बोलायलाही सभेत बोलल्यासारखं ओरडावं लागतं. दूध नसलेल्या कॉफीला तिथे 'इन्फ्यूजन' म्हणतात. वामनरावांचे जुने विद्यार्थी येऊन पाया पडत आणि लगेच त्यांच्याशी वाद घालत. पायाही पडायचं आणि चुकीचंही ठरवायचं, ही रीत मला फार आवडली. आमच्या शाळेत मुलं यांतलं एकही करत नाहीत.

मग वीज गेली. त्या दिवसांत कलकत्त्यात ती रोजच जायची. मला वाटलं, आता सगळे उठतील. पण अंधारात एकही वाक्य अर्ध्यात थांबलं नाही. मेणबत्त्या येईपर्यंत शेजारच्या टेबलावरचे दोघे दिसत नसलेल्या माणसाकडे बोट रोखून भांडत होते. मी त्या काळोखात वामनरावांच्या कपाचा वास घेतला. कॉफीच होती.

गुरुवार

गुरुवारी वामनरावांचं काही काम होतं. मी ठरवलं, धर्मतल्ल्याला जाऊन तो बार कुठला ते आपणच हुडकावं. हेर म्हणून आलो, तर थोडी हेरगिरीही करावी. भुयारी रेल्वेसाठी रस्ते खणून ठेवले होते. फळ्यांवरून तोल सावरत, धोतर वर धरून, ज्याला त्याला "बार कुठे, बार कुठे" विचारत मी निघालो. लोक माझ्या काळ्या टोपीकडे बघत आणि कीव केल्यासारखं हसत. जो बार सापडला त्याला कुलूप. दुसऱ्यालाही कुलूप. शेवटी एका पानवाल्याने मला हिंदीत समजावलं, "बाबूजी, आज गुरुवार. गुरुवारी अख्ख्या कलकत्त्यात दारू बंद. एक दिवस कळ काढा."

अक्का गुरुवारचा दत्ताचा उपास करते. इथे सरकारच गुरुवार पाळतं हे कळल्यावर मला उगाच धीर आला. पानवाल्याने माझ्याकडे बघून चुकचुक केलं आणि एक गोड पान फुकट दिलं.

शुक्रवार

शुक्रवारी पार्क स्ट्रीट, आणि बरोबर वामनरावांच्या पत्नी कमलाताई. ठेंगण्या, गोऱ्या, पदर खोचूनच घराबाहेर पडणाऱ्या. "शुक्रवारचं टेबल माझं," त्यांनी मला सांगितलं. "लग्न झालं तेव्हाच मी एक वार मागून घेतला."

नाताळचे दिवस. रस्त्यावर दिव्यांच्या माळा, दुकानांत कापसाचा बर्फ. आम्ही गेलो ती चहाची खोली मोठी दिमाखदार होती. पांढरे टेबलक्लॉथ, चांदीच्या चिमट्याने साखर, आणि एका बाजूला चौकोनी व्यासपीठावर एक अँग्लो-इंडियन म्हातारा डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवत होता. अशा ठिकाणी मी धोतर-टोपीत कसा दिसत असेन याचं मला दडपण आलं, पण कमलाताई आपल्या सुती साडीत, चपलेने फरशीवर ताल धरून, घरच्यासारख्या बसल्या होत्या.

केक आला. अंड्याचं मी विचारलं नाही. प्रवासात माणसाने सगळंच विचारू नये. काळसर, मनुका-चेरी घातलेला, इतका मऊ आणि सुवासिक की मी दुसरा तुकडा घेतला, मग तिसराही. अंगात छान ऊब आली. "हा सुवास कशाचा हो?" मी विचारलं.

"रमचा," कमलाताई म्हणाल्या. "नाताळच्या केकात मनुका महिनाभर रममध्ये भिजवतात."

मी उरलेला तुकडा बशीत ठेवला. लिमये घराण्याची दारू शोधायला आलेलो मी, आणि आठवडाभरात दारू पोटात गेली ती एकट्या माझ्या! वामनराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

शनिवार

शनिवारी ते न्यायला आले तेव्हा नेहमीसारखे बोलले नाहीत. ट्राम धरली. धर्मतल्ल्याला उतरून एका बोळात शिरलो. "मास्तर," ते दारात थांबून म्हणाले, "हे माझं शनिवारचं टेबल."

सिनेमात दिसतं तसं बारमध्ये काही नव्हतं. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, संगमरवरी टेबलं, गाणं नाही, बाई नाही. वकिलांचे कारकून, दुकानदार, एक बुटके गृहस्थ घोड्यांच्या शर्यतीचा कागद मांडीवर ठेवून डोकं धरून बसलेले. प्रत्येक टेबलावर बशीत भिजवलेले हरभरे, आल्याचे तुकडे आणि मीठ. आमच्याकडे पहिलवान खातात तसले. वेटरने वामनरावांना काही विचारलं नाही. व्हिस्कीचा एक ग्लास त्यांच्यापुढे ठेवला आणि माझ्यापुढे लिंबाचं सरबत.

त्यांनी ग्लासाला हात लावला नाही. "तुम्ही हेच बघायला आलात ना?"

मी सरबताचा ग्लास बाजूला सारला. "सुधीरने सांगितलं?"

"त्याने कशाला सांगायला हवं? मराठी माणूस मुलगी द्यायच्या घरी येतो. आठवडा होत आला तरी एकदाही म्हणत नाही, चला, तुमचं घर बघू. खोल्या किती विचारत नाही. पाणी कधी येतं विचारत नाही. संध्याकाळ झाली की मात्र टोपी घालून तयार. काळोखात कपाचा वास घेतो." ते हसले. "मी फिजिक्स शिकवलंय मास्तर, निरीक्षणावरच पोट भरलं."

नाशिकहून निघताना अक्काचं ऐकून मी घराचं नावच टाकलं होतं, आणि नेमका तिथेच पकडला गेलो. खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. अक्काच्या संसाराचं जे होतं ते सगळं सांगितलं, तिने दाराकडे कान लावून काढलेल्या संध्याकाळींसकट. शर्यतवाल्या गृहस्थांनी कागद खाली ठेवला होता. मराठी कळत नसलं तरी काहीतरी जड बोललं जातंय हे त्यांना समजलं असावं.

"तुम्ही आज सरबत मागवलं असतंत, तर मी आनंदाने परत गेलो असतो," मी म्हटलं.

"मग बहिणीला तुम्ही खोटं सांगितलं असतंत आणि ते माझ्यामुळे. पुढे कधीतरी त्यांना कळलंच असतं. त्यांना पुन्हा एकदा तसंच कळावं?" त्यांनी ग्लास जरा पुढे सरकवला. "शनिवारी हा एक. दुसरा कधीच घेतला नाही असं म्हणणार नाही. कधी घेतलाय, आणि घरी जाऊन सांगितलंय. नको वाटलं तर नको म्हणा. सुधीरला दुःख होईल, मलाही होईल. पण ग्लास लपवून मला सून आणायची नाही."

मग त्यांनी तो ग्लास माझ्यासमोर, आल्याचे तुकडे चघळत, सावकाश संपवला. दुसरा मागवला नाही. मला तो माणूस फार आवडला, आणि त्याच वेळी भीतीही वाटली. आवडून काय होतं? आमच्या वडिलांना मेहुणेही आवडले होते.

तिथून त्यांच्या घरी जेवायला गेलो. जिना चढताना मी मुद्दाम मागे राहिलो. मला बघायचं होतं ते फक्त दार. कमलाताईंनी ते उघडलं तेव्हा त्यांच्या एका हातात झारा होता, आत रेडिओ मोठ्याने चालू होता, आणि आमची पावलं त्यांनी मुळी ऐकलीच नव्हती.

"आलात? हात धुवा. घोषबाबूंचा घोडा आज तरी आला का पहिला?"

"शेवटून," वामनराव म्हणाले. बारमधले ते शर्यतवाले गृहस्थ म्हणजेच घोषबाबू.

"बिचारे! मास्तर, खिचडी चालेल ना? शनिवारी यांना जड सोसत नाही, म्हणून शनिवारी माझी खिचडीच असते. तुमच्यासाठी बरोबर बेगुनी तळलीय, वांग्याची भजी हो." आणि त्या पुन्हा गॅसकडे वळल्या.

ती खिचडी मी तीनदा मागून घेतली. घराच्या खोल्या किती होत्या, ते आजही मला सांगता येणार नाही.

नाशिक

अक्का ओसरीवर तांदूळ निवडत होती. उषा आत होती, पण आतली भांडी एकदम गप्प झाली होती.

"पितात," मी म्हटलं.

अक्काचा हात थांबला.

"शनिवारी एक ग्लास. माझ्यासमोर बसून प्यायले. मी कशाला आलोय ते ओळखून, मुद्दाम समोर ठेवला. म्हणाले, लपवून सून आणायची नाही."

"बोलायला काय जातं?" ती म्हणाली. "बायको काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. तिला सगळं ठाऊक आहे. शनिवारी तिच्याकडे खिचडी असते." मग दाराचं सांगितलं. झारा, रेडिओ, घोषबाबूंचा घोडा, सगळं. "अक्का, आम्ही जिना चढून वर आलो, तरी तिला आमची पावलं ऐकू आली नाहीत."

अक्काने सूप खाली ठेवलं. मला वाटलं, माझ्याकडून सांगण्यात काही चुकलं, लग्न मोडलं. आतून उषा दारात येऊन उभी राहिली होती. तिला पुढे यायचा धीर होत नव्हता.

"सुधीरला उद्या जेवायला बोलाव," अक्का तिला म्हणाली. "आणि त्याचे आईवडील कधी येताहेत ते विचार."

उषा चप्पलही न घालता बाहेर पळाली. अक्काने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण तांदळात हात घातला नाही.

"मला आमच्या घरी कधी वार कळला नाही रे," ती म्हणाली.